आबांना घरी बसवलं

आमच्याकडं मुलगा कर्ता झाला याची खूण एकच. बाप घरी बसून खायला लागला पाहिजे. मग गल्लीतले लोक म्हणतात, "नशीब काढलं म्हाताऱ्यानं." माझ्या थोरल्या भावानं, दादानं, आबांना घरी बसवलं तेव्हाही लोक असंच म्हणाले. मीही म्हटलं असेन. आबा म्हणजे आमचे वडील. राधानगरी रस्त्याला नदीकाठी आमचं गाव, आणि मी रोज एस.टी.नं कोल्हापूरला कॉलेजात जायची. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची ही गोष्ट. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळं मला चार गोष्टी जास्त कळतात असा घरच्यांचा समज होता, आणि माझाही होता. तो कसा खोटा ठरला हे सांगायचं आहे, पण कुठून सुरुवात करावी ते अजूनही नीट ठरत नाही.

आबा गुळव्या होते. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत उकळत असतो, तेव्हा गूळ नेमका कधी झाला आणि काहील कधी उतरवायची, हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. आबा काठीला लागलेला पाक पाण्यात सोडायचे, बोटांनी त्याची गोळी वळायचे आणि म्हणायचे, "घ्या." एवढाच शब्द. त्या शब्दावर चार माणसं कामाला लागायची. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ते गुऱ्हाळावरच असायचे. घरी आले तरी त्यांच्या अंगाला काकवीचा वास असायचा.

एका हंगामात त्यांच्या हातून एक आधण करपलं. आधण म्हणजे काहिलीतला एका खेपेचा रस. आबांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता, रंग नीट दिसत नव्हता. मालक काही बोलले नाहीत. दादाच बोलला.

"बास झालं आता, आबा. लई केलासा. आता घरात बसून खावा."

"खातो की," आबा म्हणाले. त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं.

पुढच्या हंगामाला त्यांच्याच हाताखाली शिकलेला एकजण गुळव्या झाला, आणि आबा घराच्या दर्शनी सोप्यात भिंतीकडं तोंड करून बसायला लागले. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, दमलेत, विश्रांती घेतायत. मग त्यांनी दाढी करायचं सोडलं. ताटातली भाकरी अर्धी राहू लागली, मग पाऊण. पहाटे चारला जागे होऊन ते अंथरुणात बसून राहायचे. आई विचारायची, "काय दुखतंय काय?" ते म्हणायचे, "न्हाय." आईनं त्यांच्या आवडीचं मटण केलं, तांबडा रस्सा केला. आबांनी वाटीत बोट बुडवलं आणि वाटी सरकवली. आई चुलीपुढं बसून रडली, कारण आवडीचं करून घालणं हाच एक उपाय तिच्याकडं होता.

त्यातच लोक बघायला येऊ लागले. आमच्याकडं कुणी आजारी पडलं की बघायला जावंच लागतं, नाही गेलं तर वर्षभर ऐकावं लागतं. येणारा बिस्किटांचा पुडा आणायचा, सोप्यात बसायचा आणि ओरडायचा. आमच्याकडं हळू बोलणं म्हणजे काहीतरी लपवणं.

"काय आबा! काय झालंय तुमास्नी? पोरगं कमवतंय, पोरगी कालेजात हाय! आणि काय पायजे?"

"काय न्हाय."

"मग हसा की जरा! तोंड बघा कसं केलंय, पावसात भिजल्याली कोंबडी बरी!"

सगळे हसायचे. आबाही तोंड वाकडं करून हसल्यासारखं करायचे. पाहुणा खूश होऊन चहा प्यायचा आणि जाताना दादाला म्हणायचा, "कायसुदिक झालेलं न्हाय त्येंना. सुख बोचतंय." एकदा एकाच दिवशी पाचजण येऊन गेले, पाचही जणांनी आबांना त्यांचं सुख मोजून दाखवलं. संध्याकाळी आबा मला म्हणाले, "एवढं सगळं असून मला असं हुतंय म्हंजे माझ्यातच खोट हाय बघ." मला त्या पाच जणांना हाका मारून परत बोलवावं आणि हे ऐकवावं असं वाटलं. पण मी मोठ्यांपुढं कधी बोललेली नव्हते. मी चहाच्या कपबशा उचलल्या.

कॉलेजात मला मानसशास्त्र हा विषय होता. त्यातल्या एका धड्यात आबा जसेच्या तसे लिहिले होते: पहाटे जाग येणं, जेवण सुटणं, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं. वर्गात बाई तो धडा शिकवत असताना मी वही मिटून घेतली. तास संपल्यावर तीनदा बाईंच्या खोलीपर्यंत गेले आणि परत फिरले. चौथ्यांदा आत जाऊन सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, डॉक्टरांना दाखवा, शहरातल्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा मानसिक आजारांचे डॉक्टर बसतात. दुसरी, त्यांचं काम तुटलं आहे, त्यांना पुन्हा कशात तरी गुंतवता येतं का पाहा.

पहिली गोष्ट मी घरी काढली तेव्हा दादा ताटावरून उठला.

"येड्याच्या डाक्टरकडं? आबास्नी? उद्या तुझं लगीन जमवायला जाऊ तवा काय सांगू लोकास्नी?"

"दादा, येड्याचा नव्हं त्यो..."

"तू गप. चार बुकं वाचली म्हणून बापाला येडा ठरवायला निघाली."

मी विषय सोडून दिला. खरं म्हणजे मला थोडं हायसंच वाटलं, कारण दवाखान्याची मलाही भीती वाटत होती. म्हणून मी दुसरी गोष्ट धरली. ती सोपी दिसत होती, आणि ती माझी मी करू शकत होते.

कॉलेजला सुट्टी होती त्या दिवशी मी गुऱ्हाळावर गेले आणि नव्या गुळव्याला बाजूला घेऊन म्हणाले, "आबांना एकदा बोलवा. एका आधणाला त्यांना विचारून काहील उतरवा."

तो तिशीचा, चांगला माणूस होता. आबांना गुरू मानायचा. पण त्यानं कपाळाला हात लावला. "ताई, त्येंच्या डोळ्याला दिसत न्हाय. आधण गेलं तर मालक माझी चामडी लोळवंल."

"मग तुम्ही तुमचं बघा. झालं असं तुम्हाला वाटलं की माणसांना खूण करा आणि शेवटच्या क्षणाला आबांना विचारा. ते घ्या म्हणतील, तुम्ही घ्या."

त्यानं विचार केला. "असं चालंल व्हय?"

"चालेल की," मी म्हणाले. मला माझ्या हुशारीचा अभिमानही वाटला. आबांना पुन्हा मान मिळेल, आधणही वाचेल. पुस्तकात असं कुठं लिहिलं नव्हतं, हे मी स्वतः शोधून काढलं होतं.

आबांना तयार करायला चार दिवस लागले. शेवटी ते आले ते माझ्या हट्टापायी. दाढी केली, धुवट धोतर नेसले. गुऱ्हाळाच्या जवळ आलो तसा त्यांचा चालण्याचा वेग थोडा वाढला, हे मी पाहिलं आणि मनातल्या मनात बाईंना सांगूनही टाकलं.

आत वाफ कोंदली होती. काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडं सारत चाचा बसले होते. चाचा आमच्या गावातल्या मुसलमान वस्तीतले. आबा गुळव्या होते तितकी वर्षं ते जाळ सांभाळत आले होते. दोघांचं सगळं बोलणं जाळ कमी, जाळ जास्त, आणि त्यावरच्या शिव्या एवढंच. आबांना बघून चाचा म्हणाले, "आलास व्हय? मला वाटलं मेलास." आबा म्हणाले, "तुझ्या आदी कसा मरीन?" कितीतरी महिन्यांनी ते एवढं लांब वाक्य बोलले.

मग नवा गुळव्या मोठ्यानं म्हणाला, "आबा, बघा की जरा. आलंय काय?"

आबा काहिलीजवळ गेले. काठी उचलली, पाक पाण्यात सोडला, बोटांनी चाचपला. डोळे मिटले होते त्यांनी. मी हात जोडून उभी होते. आबा म्हणाले, "अजून न्हाय. जरा थांबा."

आम्ही दोघांनी याचा विचारच केला नव्हता. आबा 'न्हाय' म्हणू शकतात हे माझ्या योजनेत नव्हतंच. गुळव्यानं आधीच खूण केली होती, माणसं काहिलीच्या कड्यांना भिडली होती, आणि आता थांबलं तर आधण जाणार असं त्याला वाटत होतं. त्याची तारांबळ उडाली आणि तो ओरडला, "व्हय व्हय! आबा म्हणत्यात घ्या! घ्या!"

माणसांनी काहील उतरवली.

आबांनी पाण्यात हात धुतला. धोतराला पुसला. गुळव्याला म्हणाले, "बेस केलंस," आणि बाहेर पडले. तो गूळ चांगला निघाला, रंगही चांगला आला. नंतर गुळव्या मला म्हणाला की आबांचंही चुकलं नव्हतं, घटकाभर इकडंतिकडं चालतं. पण त्याला आता काही अर्थ नव्हता.

रस्त्यात मी आबांच्या मागं पळत होते. ते वळून म्हणाले, "हे तुझं नाटक न्हवं?"

मी नजर रस्त्याकडं वळवली.

"कालेजात हे शिकवत्यात व्हय?"

त्यानंतर आबा बोलायचे बंद झाले. भाकरी तर सोडाच, दोन दिवस पेजही घेतली नाही. आई देवाला नवस बोलायला लागली. दादा मला म्हणाला, "बघ, झालं समाधान?" आबा आता उठणार नाहीत असं घरात सगळ्यांना वाटत होतं, फक्त ते कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. रागानं मला झोप लागेना. राग दादाचा होता, पाहुण्यांचा होता, धड्यात सगळं लिहून पुढं काय करावं ते न लिहिणाऱ्या पुस्तकाचा होता. पण सगळा धरला तरी स्वतःवरचा राग त्याहून जास्त होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी चाचा आले. बिस्किटं नव्हती, कपड्यांवर राख होती. ते आबांशेजारी खाली बसले, तंबाखू मळली, आबांपुढं धरली. आबांनी घेतली नाही. चाचांनी ती स्वतः खाल्ली आणि तासभर बसून राहिले. एक शब्द नाही. जाताना मात्र अंगणात मला गाठलं.

"पोरी, मला आज कळलं तुमी काय केलासा त्ये. त्या माणसाला समद्यांदेखत उघडं पाडलंस."

"चाचा, मी त्यांना बरं वाटावं म्हणून..."

"बरं वाटावं म्हणून! खोटं बोलून कुणाला बरं वाटतंय? जा, खरं सांग त्येला."

"काय सांगू?"

"मला काय इचारतीस? शिकल्याली तू हायस का मी?"

मी आत गेले. आबांच्या मागं बसले, कारण समोर बसायचा धीर नव्हता. म्हणाले, आबा, मीच सांगितलं होतं त्यांना. तुम्ही घ्या म्हणाल असं धरून चालले होते. माझी चूक झाली. ते हलले नाहीत. मग जे कितीतरी दिवस विचारायचं होतं ते तोंडातून बाहेर पडलं.

"आबा, तुम्हास्नी मरावंसं वाटतंय काय?"

स्वयंपाकघरातून आई धावत आली. "काय बोलतीस ह्ये? जीभ झडंल तुझी! असलं वंगाळ इचारत्यात व्हय?"

आबांनी हात वर करून तिला थांबवलं. मग म्हणाले, "रोज वाटतंय."

आई दारातच खाली बसली.

"कधी वाटतंय?" मी विचारलं.

"पहाटंला लई. दिस वर आला की जरा कमी हुतंय." आईकडं बघून म्हणाले, "येवढ्या लोकांनी येऊन हसा म्हणून सांगितलं. ह्ये कुणी इचारलं न्हाय."

ते ऐकून मला दिलासा मिळाला असं लिहिलं तर खोटं होईल. मला प्रचंड भीती वाटली. पण आता निदान ती गोष्ट तिघांच्या मधोमध होती. मी म्हणाले, "आबा, डॉक्टरकडं चला." ते म्हणाले, "त्यो आला तर यीन," आणि चाचा गेले त्या दिशेला मान हलवली.

चाचांनी एका दिवसाचं काम सोडलं. दादा आला नाही. आम्ही तिघं एस.टी.नं गेलो, दवाखान्यात बाकावर दोन तास बसलो. आपलं कुणी पाहतंय का म्हणून मी सारखी दाराकडं बघत होते, हे आज सांगायला लाज वाटते. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण ऐकून घेत होते. म्हणाले, हा आजार आहे, वेडेपणा नाही आणि नखरेही नाहीत. गोळ्या दिल्या आणि बजावलं: त्यांचा गुण यायला तीन आठवडे तरी लागतील, मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, आणि तोपर्यंत यांना एकटं ठेवू नका. मरायचे विचार वाढले तर वार बघू नका, तसेच घेऊन या. रोज कुणीतरी जवळ बसा, उपदेश करू नका. झेपेल तेवढं काम करू द्या, पण खरं काम.

'खरं' म्हणताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नव्हतं. त्यांना काही माहीत नव्हतं. तरी मी मान खाली घातली.

पाहुण्यांना मी दारातूनच परत पाठवायला लागले. "आबा झोपल्यात," म्हणायची. लोक रुसले. एक बाई आईला म्हणाली, "तुझी पोरगी लई शानी झालीया." चाचा मात्र रोज यायचे, तंबाखू मळायचे, बसायचे. दोन आठवडे काहीच फरक पडला नाही आणि मी त्या गोळ्यांवरचा विश्वास घालवून बसले. मग एका सकाळी आबांनी आईकडं दुसरी भाकरी मागितली.

काम त्यांनी स्वतःच शोधलं. गुऱ्हाळावर रसातली मळी वर यावी म्हणून रानभेंडीचा चिकट रस घालतात. ती भेंडी कुटून भिजत घालायचं काम कुणाला नको असतं, अंग खाजतं, हात चिकट होतात. चाचांनी एकदा सहज सांगितलं की ते काम करणारा माणूस पळून गेलाय. दुसऱ्या दिवशी आबा अंगणात बसून भेंडी कुटत होते आणि चाचा ती टोपल्यातून नेत होते. आबांनी एक दिवस चुकवला तर खरंच तिथं खोळंबा व्हायचा.

दादाला ते बघवलं नाही. "गुळव्यानं भेंडी कुटायची? लोक काय म्हणतील मला?"

"मला जमतंय त्ये करतोय," आबा म्हणाले.

इथं ही गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण दीड महिन्यानं आबा जेवायला लागलेत, चाचांना शिव्या घालतायत हे बघून दादानं मला न विचारता गोळ्या बंद केल्या. पैसे त्याचे म्हणून औषध आणायचं काम त्याच्याकडं होतं. बरा झालेला माणूस कशाला गोळ्या खाईल असं त्याला वाटलं, आणि दुकानदारासमोर ती चिठ्ठी पुढं करताना त्याला लाज वाटायची. मला सांगू नको म्हणून आईलाही त्यानं बजावलं होतं. परीक्षेच्या नादात माझं लक्ष नव्हतं. पंधरा दिवसांत भेंडी तशीच पडून सुकायला लागली. एका पहाटे मला जाग आली तर आबा पुन्हा अंथरुणात बसलेले.

दिवस उजाडल्यावर मी दादाला विचारलं. त्यानं सांगून टाकलं, वर म्हणाला, "जन्मभर गोळ्या चारणार हायस काय त्येंला?"

आयुष्यात पहिल्यांदा मी दादावर ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुला बाप बसल्याला बघायचाय, बरा झाल्याला न्हाय, एवढं आठवतं. दादाचा हात उठला. आई मधे पडली. गल्लीतली दारं उघडली, लोक बघायला बाहेर आले.

तेवढ्यात सोप्यातून आबांचा आवाज आला, गुऱ्हाळावर असायचा तसा.

"भांडू नका. गोळ्या कुठं हाईत?"

दादानं हात खाली घेतला.

"मला आत पुन्यांदा तसंच व्हायला लागलंय. मला कळतंय. माझ्या गोळ्या कुठं हाईत म्हणतोय मी."

दादानं भिंतीतलं कपाट उघडून मागच्या वेळची उरलेली पुडी काढली. त्यात चारच गोळ्या होत्या. आबांनी एक गोळी घेऊन तळहातावर ठेवली आणि त्याच्याकडं बघून म्हणाले, "पाणी आण. आणि आज डाक्टराचा वार हाय काय बघ. नसला तरी आजच जायाचं."

दादा पाणी आणायला आत गेला. मी दारात उभ्या असलेल्या लोकांना जा म्हणून सांगितलं. पुन्हा तीन आठवडे वाट पाहायची होती.